फिरवणारीची सही

दि. ११ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या घरची मंडळी बरी असतील. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत.

शनिवारी आप्पांनी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. "चहा टाकते," म्हणाले आणि जिना चढून वर आले. त्याला तीन दिवस झाले. ते पुन्हा विचारत नाहीत, आणि मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून हे पत्र. आपल्यात वर्षाला दोन ओळींचं कार्ड जातं-येतं, त्यात हे मावलं नसतं.

मला पाल्हाळ आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. आज थोडं लागेल असं दिसतंय. सहन कर.

आधी बातम्या. आप्पांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्याने माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून ओळखतात. कान मात्र शाबूत. खाली गाडी येऊन उभी राहिली की वरून, पलंगावरूनच सांगतात, "तिसरा सिलेंडर रुसलाय." आणि रुसलेला तिसराच असतो. जिना उतरायला त्यांना वीस मिनिटं लागतात. मी एक पायरी खाली, पाठ त्यांच्याकडे, त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. मध्येच थांबतात आणि म्हणतात, "तुझा क्लच घसरतोय गं." माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतात ते.

घर तसंच आहे. वर दोन खोल्या, खाली दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, आणि बाहेर पडायचं तर अजूनही गॅरेजमधूनच. मागची खिडकी तुला आठवत असेल, जिथून तू डबे सोडायचीस. शेजाऱ्यांनी तिला लागून भिंत उभी केली. हात बाहेर काढला तर विटा लागतात. दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. गाव सोडून मी बाहेर गेले त्याला नऊ वर्षं झाली. आप्पांना एकटं ठेवता येत नाही. शेजारीण दोन तास बसायला तयार असते, पण आप्पा तिला पाच मिनिटांत कटवतात. "बाई, तुमच्या घरचा पंखा कुरकुरतोय, इथपर्यंत ऐकू येतो. आधी तो बघा." बिचारी खरंच पंखा बघायला जाते.

तुझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चांगलं चालतं असं तू गेल्या कार्डात लिहिलं होतंस. खाली लिहिलं होतंस, "ताई, इथे चूक झाली तर फार तर एखादा टाका सुटतो." ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं.

आता शनिवारचं.

शाळेची मुलं ने-आण करणारी एक व्हॅनवाली आहे. बाई एकटीच व्हॅन चालवते, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. सकाळी गाडी चालू केली की पुढून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते, गरम झाली की थांबते, अशी तक्रार घेऊन आली. मी झाकणाला कान लावला आणि म्हणाले, "टायमिंग चेन. ताणलीय."

"मॅडम, मी पण ताणलेलीच आहे, पण मी नाही अशी वाजत," ती म्हणाली.

"तुम्ही वाजता," वरून आप्पांचा आवाज आला. ती इतकी हसली की मलाही थोडं हसावं लागलं.

शुक्रवारी गाडी उघडली. तेल काढलं, पट्टा काढला, पुली काढली, हेडचं झाकण आणि पुढचं कव्हर काढलं. पहिला पिस्टन वर आणून खुणा पाहिल्या. चेनला ताण देणाऱ्या टेन्शनरचा दांडा आत दाबून तो अडकवायला पिन घातली, मग टेन्शनर, मग दोन्ही गाईड, मग चेन. सगळं फडक्यावर, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने मांडलं. गाईडच्या प्लास्टिकला चेनने बोटभर लांब खाचा पाडल्या होत्या. एक तुकडा तेलाच्या तळाशी सापडला. जुनी चेन आणि नवी चेन एकाच खिळ्याला लटकवल्या, तर जुनी जवळपास अर्धी कडी लांब. चाकांचे दात एका बाजूला झिजून वाकड्या नखांसारखे झालेले. सगळंच बदलायला झालं होतं. व्हॅनवालीला दाखवलं. आपल्याकडे अजूनही जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय नवा लागत नाही.

शनिवारी सकाळी चेन बसवली. रंगीत कड्या चाकांवरच्या खुणांशी जुळवल्या. मग नियमाप्रमाणे आप्पांना खाली आणलं.

नियम तू विसरली नसशील. चेन बसवणारा वेगळा आणि फिरवणारा वेगळा. बसवणाऱ्याने खुणा जुळवायच्या आणि हात पुसून बाजूला व्हायचं. पिन त्याने काढायची नाही. फिरवणाऱ्याने यायचं, खुणा स्वतः पाहायच्या, पिन काढायची, मोठा पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवायचा, खुणा परत जागेवर आल्या की कव्हर लावायचं आणि गाडीच्या कामाच्या कार्डावर लिहायचं, दोन फेरे पूर्ण. खाली दोघांच्या सह्या. "ज्याने भात केला त्याला करपलेला वास येत नाही," असं आप्पा म्हणायचे. तू गेल्यापासून बसवणारी मी आणि फिरवणारे आप्पा. डोळे गेल्यावरही. खुणा मी त्यांच्या बोटांना दाखवते. बाकी ते हातानेच बघतात.

स्टुलावर बसले, पिन काढली, पाना लावला, डोळे मिटले. एक फेरा झाला. दुसऱ्यात जेमतेम पाव आले आणि थांबले.

"अडतंय."

"नवीन चेन आहे आप्पा, जड जाईल थोडी."

"जड वेगळं, अडणं वेगळं. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. बघ."

मी बघितलं. एक कॅम दोन दात मागे होता. खुणा जुळवल्यावर चेन ओढताना तो स्प्रिंगच्या जोराने सरकला असणार, आणि मी नंतर परत पाहिलं नव्हतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकाऊसारखी चूक. त्यांनी आणखी बोटभर जोर लावला असता, किंवा मी तशीच चावी मारली असती, तर व्हॉल्व्ह वाकले असते.

"हाताला विचारावं गं," आप्पा म्हणाले, "डोळे थापा मारतात." रागावले नाहीत. मी परत जुळवलं, त्यांनी परत फिरवलं. दोन फेरे, लोण्यातून सुरी फिरावी तसे. सही केली. कार्डावरची त्यांची सही आता ओळीच्या वर एखाद्या किड्यासारखी चालत जाते.

मग फडक्याला हात पुसत, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "त्या नर्सबाईच्या गाडीच्या वेळी तू फिरवलंस. धाकटीने चेनची ढील उलट्या बाजूला ठेवली होती, तर दोन फेऱ्यांत तुझ्या हाताला काहीच लागलं नाही? मी सोळा वर्षं विचार करतोय. हाताला लागायला हवं होतं."

मी म्हणाले, "चहा टाकते."

वर येऊन मी चहा टाकला नाही. गॅस पेटवून नुसती उभी राहिले. खाली व्हॅनवाली आली, तिच्या हसण्याचा आवाज आला, गाडी चालू झाली, खडखड नव्हती. ती गेली. मी उभीच.

आता त्या दिवसाचं लिहिते. तू ज्या दिवसाबद्दल मला कधीच काही विचारलं नाहीस त्याचं.

तुझी दाढ सुजली होती. गाल फुगलेला, तरी सकाळपासून तू नर्सबाईच्या गाडीवर होतीस, कारण तिला दुसऱ्या दिवशी फेरीवर जायचं होतं. तीनच्या सुमाराला तू माझ्या केबिनच्या दारात आलीस. तोंड नीट उघडत नव्हतं. म्हणालीस, "ताई, खुणा तीनदा पाहिल्यात. पिन आत आहे. आता तुझं. मी दातवाल्याकडे जाऊन येते." मी मान वर न करता "हो, जा" म्हणाले.

मान वर केली नाही कारण मी एक कागद भरत होते. तो कसला कागद होता हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तंत्रशाळेत, आठ तासांच्या अंतरावर, प्रयोगशाळेत शिकवायची जागा मला मिळाली होती. फिजिक्सची पदवी घेऊन अठरा वर्षं मी गॅरेजच्या पावत्या लिहीत होते आणि पाने पुसत होते. चाळीस वर्षांची होते. पुन्हा कोणी बोलावलं नसतं. होकाराचा कागद पाचच्या आत टपालात पडायला हवा होता. मी ठरवलं होतं की गॅरेज तू सांभाळशील, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि आप्पांना जायच्या आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे एकच दिवस आरडाओरडा.

चारला नर्सबाई आली. झालं का, झालं का, म्हणून दारात उभी. मी गाडीकडे गेले. खुणा पाहिल्या, जुळलेल्या दिसल्या. कव्हर लावलं, बोल्ट आवळले. कार्डावर लिहिलं, "दोन फेरे पूर्ण, खुणा जुळल्या," आणि सही केली. चावी मारली. थोडी खडखड वाटली. नवा टेन्शनर आहे, तेल चढलं की बसेल, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. मग कागद घेऊन टपालात गेले. पाचला दहा कमी होती.

धाकटे, मी फिरवलं नाही. एकही फेरा नाही. आणि पिन काढली नाही. पिन आत, म्हणजे टेन्शनर चेनला दाबतच नव्हता. चेन सैल धावत होती. चौथ्या दिवशी चढावर उडाली, दोन दात सुटली, आठ व्हॉल्व्ह वाकले. नर्सबाईला औषधांची पेटी घेऊन दीड तास चालावं लागलं.

गाडी ओढून आणली तेव्हा तू घरी झोपली होतीस आणि आप्पा भाग आणायला गेले होते. कव्हर मी एकटीने उघडलं. पिन समोरच होती, सायकलच्या तारेची, टोकाला वळवलेली, तूच केलेली. मी ती ओढली. दांडा टक्क करून बाहेर आला आणि चेनला टेकला. चार दिवस उशिराने. पिन मी एप्रनच्या खिशात टाकली. विचार करून टाकली असं म्हणणार नाही, पण काढूनही ठेवली नाही. दहा मिनिटांनी आप्पा आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "धाकटीने ढील उलटी ठेवली." कार्ड पाहिलं. माझी सही पाहिली. सही होती म्हणजे मी फिरवलं होतं. आपल्या घरात कार्डावर लिहिलेलं झालेलंच असतं.

ते तुला जे बोलले ते मी ऐकलं. "स्वतःच्या दाताचं कौतुक, चेनचा दात गेला चुलीत." सगळ्यांसमोर. "पुन्हा माझ्या पान्याला हात लावायचा नाही." तू म्हणालीस, "आप्पा, मी तीनदा पाहिलं होतं." मग माझ्याकडे पाहिलंस. मी कार्ड फायलीत लावत होते. मग तू अगदी हळू म्हणालीस, "असेल. दुखत होतं. चुकला असेल हात."

तिथे बोलायचं होतं. मी मनात हिशेब केला की दहा दिवसांनी मी जाणार, तोवर त्यांचा राग उतरेल, ते तुला परत बोलावतील, त्यांना दुसरं आहे कोण. मी बोलले तर ते मला जाऊ देणार नाहीत, असं वाटलं. पण तू आठव्या दिवशीच ट्रंक घेऊन निघालीस. आप्पा बोलावणारे नव्हते आणि तू येणारी नव्हतीस. फिरवायला आणि बसवायला मिळून एक म्हातारा उरला. मी तंत्रशाळेला नकार कळवला. ते पत्र टाकायला त्याच टपालपेटीपर्यंत गेले.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. माझं जे झालं ते माझ्या हातचं आहे. तुला एवढंच सांगायचं आहे की तुझा हात चुकला नव्हता. सोळा वर्षं तू टाके जुळवत बसलीस, ते माझ्यामुळे.

आता आप्पांना सांगायला हवं. आज सांगेन. सांगितल्यावरच हे पाकीट बंद करेन, नाहीतर हे पत्रही कार्डासारखंच, खाली सही आणि आत काही नाही.

ताई


दि. १५ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकटे,

पाकीट अजून माझ्याकडेच आहे, कारण सांगणं वाटलं तितकं सरळ झालं नाही.

मंगळवारी जेवताना सांगितलं. सगळं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. आप्पा घास चावत राहिले. मग म्हणाले, "तू लहानपणापासून तिला पाठीशी घालतेस."

"आप्पा, मी खरं सांगतेय."

"मी शनिवारी विचारलं म्हणून तुला सुचलं हे. म्हातारा मरायच्या आधी बहिणी-बहिणींचं जुळवून टाकू. चांगलं आहे. पण मला बनवू नकोस."

मी खोलीत जाऊन पिन आणली. सोळा वर्षं सुयांच्या डबीत आहे. त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी चाचपली, वळवलेलं टोक दोनदा दाबलं. "अशा खाली पन्नास आहेत," म्हणाले आणि माझ्या ताटात ठेवली.

ती पिन पुरावा होती, आणि ती तिथून काढून मीच तिला नुसती तार केलं होतं. माझ्या तोंडचं खरं मला खरं करून दाखवता येईना. उलट जितकं बोलत गेले तितकी मी त्यांच्या नजरेत मोठी होत गेले. शेवटी म्हणाले, "तुझ्यासारखी मुलगी असावी." त्या रात्री मी जेवले नाही. भूक आहे की नाही एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना भरून आलं होतं.

बुधवार गेला. गुरुवारी व्हॅनवाली आली, पाचशे किलोमीटरनंतर एकदा तेल बघून जा असं मी सांगितलं होतं, ती दीडशेलाच आली. आप्पा खालीच होते. मी तिच्यासमोरच पुन्हा विषय काढला. घरचं धुणं बाहेरच्यासमोर. दुसरा मार्ग राहिला नव्हता.

आप्पा चिडले. "कागद आण! कागदावर दोन फेऱ्यांखाली तुझी सही आहे. सही करणारी मुलगी मी वाढवलीय. सही खोटी असेल तर खोडून दाखव."

कार्ड खोडायचं म्हणजे काय हे तुला माहीत आहे. आपल्या गॅरेजमध्ये खोडलेलं कार्ड एकही नाही. चूक झालीच तर एक आडवी रेघ, शेजारी कारण, तारीख, आणि त्या कामातल्या दोघांच्या सह्या. आप्पांनी चाळीस वर्षांत ती वेळ कोणावर येऊ दिली नाही. फायलींतून मी ते कार्ड काढलं. नंबर ४१७. माझं अक्षर तेव्हा बरं होतं. व्हॅनच्या बॉनेटवर कार्ड ठेवलं आणि "दोन फेरे पूर्ण, खुणा जुळल्या" या ओळीवरून आणि माझ्या सहीवरून रेघ मारली.

"खोडलं?" आप्पांनी व्हॅनवालीला विचारलं.

"खोडलं काका. आरपार."

"सही पण?"

"सही पण. कागद फाटला थोडा."

मग मी शेजारी कारण लिहिलं आणि तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला. "फेरे दिले नाहीत. पिन काढली नाही. पिन नंतर लपवली. चेन बसवण्यात चूक नाही."

आप्पांनी हात पुढे केला. मला वाटलं कार्ड हवंय. त्यांनी माझा एप्रन धरला, खिसा चाचपला, आणि आतली एक पिन काढली. तिला लाल फीत बांधलेली आहे. तू गेल्यानंतर मी प्रत्येक पिनेला वीतभर लाल फीत बांधायला लागले, कव्हर लावताना लटकताना दिसावी म्हणून. तेव्हा ते म्हणाले होते, हे काय बायकी. मी म्हणाले होते, असू दे.

"ही त्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्यांना?"

"पन्नासच्या पन्नास."

तेव्हा त्यांना पटलं. चेहऱ्यावरून कळलं. व्हॅनवालीने बॉनेटवरचं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं.

"तो कागद कसला होता, शाळेचा?" आप्पांनी विचारलं.

"तंत्रशाळेचा."

"मग गेली का नाहीस?"

"तुमच्याजवळ कोण राहिलं असतं?"

"एका पिनेत दोघींना अडकवलंस," आप्पा म्हणाले. "आणि मी बसलो वर, सिलेंडर ऐकत." मग फीत बोटाला गुंडाळत, "तिच्याशी मी जे बोललो ते कार्डावर कुठे आहे?" मी म्हणाले, कुठेच नाही. "मग ते खोडायचं कसं?" हे त्यांनी मला विचारलं, की व्हॅनला, की कोणालाच नाही, ते मला कळलं नाही.

वर चढायला पाऊण तास लागला. माझ्या खांद्यावर हात ठेवले नाहीत. कठडा धरून चढले. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. औषध, पाणी, दिवा. काल संध्याकाळी म्हणाले, "यापुढे चेनच्या कामात तू फिरवायचं नाहीस. आणि माझा खांदा शनिवारपासून वर जात नाही. चेनची गाडी घ्यायची नाही."

मी बरं म्हणाले. बसवणारी उरले, पण फिरवणारं कोणी नसताना बसवणाऱ्याला अर्थ नाही, हे त्यांनीच शिकवलंय. सकाळी एक टॅक्सीवाला खडखड घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. तो म्हणाला, "बाई, गॅरेज उघडं आहे की बंद?" मी म्हणाले, तेल बदलायला उघडं आहे.

माझी इथून सुटका होणार नाही, आणि मी ती मागतही नाही. आप्पा आहेत तोवर मी आहे. पुढचं पुढे. तुला ये असंही म्हणत नाही. ज्या घरातून तुला घालवलं गेलं तिथे तुला बोलावण्याचा हक्क, घालवणारीला कसा असेल? क्षमाही मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझं उत्तर माझ्या सोयीने येऊ नये.

एकच काम आहे. दुरुस्तीखाली दोघींच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. आप्पांनी काल रात्री, दिवा मालवल्यावर, अंधारात विचारलं, "तिची झाली?" मी म्हणाले, अजून कार्ड गेलं नाही. "मग तोवर ते कार्ड अर्धवट आहे," म्हणाले, आणि कूस बदलली.

तू सही केलीस तर केलीस. नाही केलीस तर कार्ड तुझ्याकडेच ठेव किंवा फाड, ते तुझं आहे. पण सही करण्याआधी एकदा स्वतःशी आठव. दाढ ठणकत होती, तरी तू तीनदा पाहिलंस. मी ते तेव्हाही ऐकलं होतं. मान वर केली नव्हती, एवढंच.

व्हॅनवालीची आई तुमच्या गावात राहते. व्हॅनवाली उद्या तिकडे येतेय. टपालावर माझा भरवसा आहे, स्वतःवर नाही. टपालपेटीपर्यंत जाऊन परत येण्यात मी वाकबगार आहे. म्हणून पाकीट आज तिच्या हातात देते आणि खाली नोंद करते.

तुझी,
ताई


सुपूर्द वस्तूंची नोंद
दि. १५ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

पत्रं, दोन.
कार्ड नं. ४१७, मूळ प्रत, एक. दुरुस्तीच्या रेघेजवळ फाटलेलं. नक्कल ठेवलेली नाही.
टेन्शनरची पिन, सायकलच्या तारेची, एक. फीत बांधलेली नाही.
मोठा पाना, आप्पांचा, एक. हा मी ठेवलेला नाही. पाकीट बांधताना त्यांनी जिन्यावरून खाली सोडला आणि "हेही" एवढंच म्हणाले.

नेणारी: व्हॅनवाली. सर्व वस्तू मोजून घेतल्या, असं मोठ्याने म्हणाली.
देणारी: ताई.
घेणारीची सही: